हृदयाच्या गोळीऐवजी व्हिटॅमिन चालेल का?

(गारखेडा परिसरात ज्येष्ठ नागरिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचे हे शब्दांकन. वक्ते फिजिशियन आहेत. बोलण्यातली पुनरुक्ती कमी केली आहे, बाकी भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजच्या निरोपात एक विनंती होती : येताना घरातली औषधांची पिशवी सोबत आणा. बऱ्याच जणांनी आणली, त्याबद्दल आभार. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी अर्धा-पाऊण तास मी त्या पिशव्याच बघत बसलो होतो. कुणाचं नाव घेत नाही, पण काय दिसलं ते सांगतो. जवळजवळ प्रत्येक पिशवीत तीन थर आहेत. पहिला म्हणजे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेल्या गोळ्या. दुसरा म्हणजे मल्टिव्हिटॅमिन, व्हिटॅमिन ई, ओमेगा थ्री, कोएन्झाइम क्यू टेन असल्या बाटल्या. यातल्या काही मुलांनी परदेशातून पाठवलेल्या. आणि तिसरा थर अर्जुनसालीचं चूर्ण, गुग्गुळ, एखादा काढा यांचा.

पिशवी मोठी आहे, याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण दोन पिशव्यांमध्ये व्हिटॅमिनच्या बाटल्या अर्ध्या संपल्या होत्या आणि चिठ्ठीवरच्या गोळ्यांची पाकिटं उघडलेलीसुद्धा नव्हती. आजचा विषय हाच आहे. व्हिटॅमिन घ्यावं की नाही, हा प्रश्न वेगळा. हृदयाच्या गोळीच्या ऐवजी ते घेतलं तर चालतं का, यावर आज बोलू.

एक अनुभव, माझ्या चुकीसकट

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक तपासणीला यायचे. अटॅक येऊन गेला होता, एक स्टेंट टाकलेला होता. रोज सकाळी फिरायचे, खाणं-पिणं सांभाळायचे, शिस्तीचा माणूस. फिरायला येणाऱ्या मंडळींपैकी कुणीतरी त्यांना सांगितलं, ‘सर, एवढ्या गोळ्यांनी किडनी जाते. त्यापेक्षा नैसर्गिक घ्या.’ सरांनी वाचन केलं, व्हिडिओ बघितले, आणि एक दिवस सगळ्या गोळ्या बंद करून व्हिटॅमिन ई, ओमेगा थ्री आणि अर्जुनसाल सुरू केली. त्यांना बरंही वाटायला लागलं. महिन्याभरानं रात्री दोन वाजता छातीत दुखलं. स्टेंटमध्येच गुठळी झाली होती. सर वाचले, पण हृदयाची पंप करायची ताकद पहिल्याच्या निम्म्यावर आली. पुढे जिना चढतानाही थांबावं लागायचं.

आता माझी चूक सांगतो. ते शेवटचे आले होते तेव्हा मी विचारलं होतं, ‘काय सर, बरं आहे ना?’ ते म्हणाले, ‘बरं आहे.’ मी बीपी बघितलं आणि जुनीच चिठ्ठी पुढे चालू ठेवली. ‘गोळ्या घेता का?’ हे मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं, कारण माणूस खोटं बोलणारा नव्हता. तेव्हा आज मी तुम्हाला उपदेश करायला उभा नाही. दोन्ही बाजूंनी काय चुकतं, ते समजून घेऊ.

गोळ्या नेमकं काय करतात?

अटॅक येऊन गेलेल्या माणसाच्या चिठ्ठीवर साधारण तीन प्रकारची औषधं असतात.

पहिला प्रकार, गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल ही नावं तुमच्या पाकिटांवर दिसतील. आपण त्यांना ‘रक्त पातळ करणाऱ्या’ म्हणतो, पण रक्त काही पाण्यासारखं पातळ होत नाही. रक्तात प्लेटलेट नावाचे बारीक कण असतात. कुठे कापलं की ते एकमेकांना चिकटतात आणि रक्त थांबतं. स्टेंट म्हणजे धातूची नळीसारखी जाळी. शरीराला ती परकी वस्तू वाटते, म्हणून प्लेटलेट तिथेही चिकटायला बघतात. जाळीवर आतून अस्तर चढायला काही महिने लागतात. तोवर या गोळ्या पहारा देतात. सरांनी नेमका तो पहारा काढला होता.

दुसरा प्रकार स्टॅटिन. ॲटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन. आपलं यकृत स्वतः कोलेस्टेरॉल तयार करतं. त्या कामातलं एक एन्झाइम स्टॅटिन अडवतं. मग यकृत आपली गरज भागवायला रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ओढून घेतं. रक्तातलं एलडीएल कमी झालं की धमनीच्या भिंतीतला थर वाढायचा थांबतो आणि तो फुटण्याची शक्यता कमी होते. बहुतेक अटॅक तो थर फुटून त्यावर गुठळी झाल्यामुळेच येतात.

तिसरा प्रकार बीपीच्या आणि हृदयाचा भार हलका करणाऱ्या गोळ्यांचा. ठोके सावकाश ठेवणाऱ्या, रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या.

गंमत अशी की, ज्या स्टॅटिनला आपण ‘केमिकल’ म्हणून नाक मुरडतो, ते पहिल्यांदा सापडलं बुरशीत. १९७० च्या दशकात जपानमध्ये अकिरा एंडो या शास्त्रज्ञांनी हजारो बुरशा तपासल्या आणि त्यातल्या एका निळसर-हिरव्या बुरशीत त्यांना हे द्रव्य मिळालं. म्हणजे उगम बघितला तर तेही ‘नैसर्गिक’च.

व्हिटॅमिनचं काम वेगळं आहे

व्हिटॅमिन शरीराला अगदी थोडं लागतं, पण लागतंच. कमी पडलं तर आजार होतो आणि ती कमतरता भरून काढली की आजार बरा होतो. आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण बी-ट्वेल्व्हचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं. २००६ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यातल्या ६७ टक्के लोकांमध्ये बी-ट्वेल्व्ह कमी निघालं. शाकाहार हे त्याचं एक मोठं कारण. बी-ट्वेल्व्ह मिळतं मांस-मासे, अंडी, दूध यांतून, आणि आपल्या बऱ्याच घरांत दूध चहापुरतंच असतं.

म्हणजे महाराष्ट्रात ‘व्हिटॅमिन ही सगळी फसवणूक आहे’ असं म्हणणाराही चूकच. हातापायांना मुंग्या येत असतील, चालताना तोल जात असेल, वर्षानुवर्षं शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल, तर बी-ट्वेल्व्ह तपासून घ्या. कमी असेल तर गोळी किंवा इंजेक्शन जरूर घ्या.

पण याच बी-ट्वेल्व्हची हृदयाच्या बाबतीतली गोष्ट ऐका. बी-ट्वेल्व्ह आणि फोलिक ॲसिड कमी असलं की रक्तात होमोसिस्टीन नावाचा पदार्थ वाढतो. हृदयविकाराच्या रुग्णांमध्ये तो वाढलेला दिसायचा. मग साधा तर्क असा : व्हिटॅमिन द्या, होमोसिस्टीन उतरेल, अटॅक कमी होतील. तर्क चांगला होता. तो हजारो रुग्णांवर तपासला गेला. ‘होप-टू’ नावाच्या अभ्यासात ५,५२२ रुग्ण होते, सुमारे पाच वर्षं. नॉर्वेमध्ये अटॅक येऊन गेलेल्या ३,७४९ जणांवर वेगळा अभ्यास झाला. दोन्हींचे निकाल २००६ मध्ये आले. रक्तातलं होमोसिस्टीन खरंच उतरलं होतं, पण अटॅक आणि हृदयविकाराचे मृत्यू काही कमी झाले नाहीत. रिपोर्टवरचा आकडा सुधारला म्हणजे धोका टळला असं नसतं, हे यातून शिकायचं.

दोघांना एकाच तराजूत घातलं तेव्हा

आता मी तुम्हाला एकच अभ्यास जरा सविस्तर सांगणार आहे. बाकी सगळं विसरलात तरी हा लक्षात ठेवा.

१९९० च्या आसपास व्हिटॅमिन ई आणि सी यांच्याबद्दल डॉक्टरांनाही मोठी आशा होती. कारण पाहणीत असं दिसायचं की जे लोक ही व्हिटॅमिन्स घेतात, त्यांना हृदयविकार कमी होतो. पण मला सांगा, स्वतःहून व्हिटॅमिन विकत घेणारा माणूस कोण असतो? ज्याच्या खिशात पैसे आहेत, जो फिरायला जातो, तंबाखू खात नाही, वेळेवर तपासण्या करतो. मग फायदा व्हिटॅमिनचा की त्याच्या राहणीचा? नुसत्या पाहणीवरून हे कळत नाही.

ते कळायचा मार्ग म्हणजे चिठ्ठ्या टाकून वाटणी करायची. कुणाला खरी गोळी आणि कुणाला तशीच दिसणारी खोटी गोळी मिळणार, हे नशिबावर. रुग्णाला माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. असं केलं की दोन्ही गटांत श्रीमंत-गरीब, फिरणारे-बसणारे सारखे वाटले जातात. शेवटी फरक दिसला तर तो गोळीचाच.

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मंडळींनी ब्रिटनमध्ये ‘हार्ट प्रोटेक्शन स्टडी’ हा अभ्यास केला. निकाल २००२ साली आले. २०,५३६ माणसं, वय ४० ते ८०, बहुतेकांना आधीच हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार किंवा मधुमेह. आणि यातली खुबी अशी की, त्याच माणसांमध्ये दोन गोष्टी एकदम तपासल्या. निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिनची ४० मिलिग्रॅमची गोळी, निम्म्यांना खोटी. आणि त्याच लोकांची दुसरी वाटणी : निम्म्यांना रोज व्हिटॅमिन ई, व्हिटॅमिन सी आणि बीटा कॅरोटीन, निम्म्यांना खोटी कॅप्सूल. पाच वर्षं.

अटॅक, पक्षाघात, ऑपरेशन किंवा अँजिओप्लास्टी करायची वेळ, असं काही ना काही किती जणांना झालं? स्टॅटिनची खोटी गोळी घेणाऱ्यांत हजारांत सुमारे २५२. खरी गोळी घेणाऱ्यांत हजारांत १९८. म्हणजे हजार माणसांमागे ५४ जण वाचले. आणि व्हिटॅमिनचं काय? खोटी कॅप्सूल घेणाऱ्यांत एकूण २,३१२ जणांना त्रास झाला, खरं व्हिटॅमिन घेणाऱ्यांत २,३०६ जणांना. दहा-दहा हजारांच्या गटात सहाचा फरक! याला फरक म्हणत नाहीत.

व्हिटॅमिन्स पोटात गेली नाहीत असंही नाही. रक्तात त्यांचं प्रमाण चांगलं वाढलेलं होतं, तरी हृदयाला उपयोग शून्य. व्हिटॅमिन डीचंही तसंच झालं. अमेरिकेत २५,८७१ लोकांना रोज व्हिटॅमिन डी आणि वेगळ्या वाटणीत ओमेगा थ्री देऊन बघितलं. २०१८ च्या शेवटी निकाल आले. दोन्हींमुळे हृदयाच्या मोठ्या घटना एकंदरीत कमी झाल्या नाहीत.

हळद, लसूण, दालचिनी

कुणी म्हणेल, ‘डॉक्टर, हे इंग्रजी व्हिटॅमिन सोडा, आपल्या स्वयंपाकघरातलं सांगा.’ तेही तपासलंय. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी १९० लोकांवर २८ दिवसांचा छोटा अभ्यास केला. एका गटाला रोसुव्हास्टॅटिन ५ मिलिग्रॅम, म्हणजे अगदी कमी डोस. बाकीच्या गटांना मासळीचं तेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पतींमधले स्टेरॉल आणि लाल यीस्टचा तांदूळ, यांच्या बाजारात मिळणाऱ्या गोळ्या. एका गटाला खोटी गोळी. स्टॅटिनने एलडीएल सुमारे ३८ टक्के उतरलं. बाकी सहापैकी एकानेही एलडीएल खोट्या गोळीपेक्षा लक्षणीय उतरवलं नाही.

फोडणीतला लसूण आणि भाजीतली हळद बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही. घाला, चवीनं खा. औषध म्हणून तिच्यावर विसंबू नका, एवढंच.

आपल्याकडची खरी गोष्ट : सर्पगंधा

आता आयुर्वेदाकडे येऊ. इथे काही लोकांना वाटतं की ॲलोपॅथीवाला डॉक्टर झाडपाल्याच्या विरोधातच बोलणार. तर मी मुंबईची एक गोष्ट सांगतो.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. रुस्तम जाल वकील नावाचे हृदयरोगतज्ज्ञ होते. सर्पगंधेच्या मुळ्या आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होत्या. कलकत्त्याच्या दोन डॉक्टरांनी १९३१ मध्येच लिहिलं होतं की तिने रक्तदाब उतरतो. पण जगाचं लक्ष गेलं नव्हतं. डॉ. वकिलांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन कुणाचा दाब किती उतरला, काय त्रास झाला, हे नीट मोजून नोंदवलं आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापलं. त्यानंतर जगभर सर्पगंधेची चर्चा सुरू झाली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं आणि ते रक्तदाबावरच्या पहिल्या प्रभावी औषधांपैकी एक ठरलं. १९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

म्हणजे झाडपाल्यात दम असेल तर मोजमाप केल्यावर तो दिसतो. आणि दम असला की त्याच्यासोबत दुष्परिणामही येतात. रेसर्पिनमुळे काही रुग्णांना नैराश्य यायचं, नाक चोंदायचं. पुढे त्याहून चांगली औषधं आली आणि ते मागे पडलं. ‘गुण आहे आणि साइड इफेक्ट काहीच नाही’ असं जो सांगतो, त्याच्यापासून सावध राहा.

गुग्गुळाचीही अशीच परीक्षा झाली. बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतसंहितेतल्या वर्णनाचा धागा धरून १९६० च्या दशकात संशोधन केलं. पुढे गुग्गुलिपिड नावाचं औषधही भारतात आलं. सुरुवातीचे अभ्यास आशादायक होते. पण २००३ मध्ये अमेरिकेत १०३ लोकांवर आठ आठवडे खोट्या गोळीशी तुलना केली, तेव्हा एलडीएल उतरण्याऐवजी चार-पाच टक्क्यांनी वाढलेलंच दिसलं. अर्जुनसालीवर दिल्लीच्या एम्समध्ये हृदय कमजोर झालेल्या रुग्णांवर तसाच काटेकोर अभ्यास झाला. त्यात पंप करायची ताकद वाढली नाही. हे सगळे रुग्ण आपली नेहमीची औषधंही घेत होते बरं का. ती बंद करून अर्जुनसाल देऊन बघा, असं कुणीच म्हटलं नव्हतं.

आणि ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ असं वाटत असेल तर कुंपणाला लावलेली पिवळी कण्हेर आठवा. तिच्या बियांमध्ये हृदयावर थेट काम करणारी द्रव्यं आहेत. हृदयासाठी वापरल्या जाणाऱ्या डिगॉक्सिनच्याच जातीची. त्या बिया खाऊन माणसं दगावतात.

‘सोबत घेतलं तर काय बिघडतं?’

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. बऱ्याचदा काही बिघडत नाही, फक्त पैसे जातात. पण काही जोड्या धोक्याच्या आहेत, त्या लिहून घ्या.

व्हॉल्व्ह बदललेल्यांना वॉरफरिन किंवा ॲसिट्रोम चालू असतं. ही गोळी व्हिटॅमिन केच्या विरुद्ध काम करते. तुमच्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये व्हिटॅमिन के असेल तर गोळीचा असर कमी होऊन व्हॉल्व्हवर गुठळी होऊ शकते. आणि व्हिटॅमिन ई जास्त डोसमध्ये घेतलं तर उलट रक्तस्राव वाढू शकतो.

‘कमी सोडियमचं मीठ’ म्हणून जे मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल, किडनी कमजोर असेल, तर रक्तातलं पोटॅशियम वाढून ठोके बिघडू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

घशासाठी रोज ज्येष्ठमध चघळायची सवय असेल तर तेही सांगा. ते जास्त प्रमाणात बीपी वाढवतं आणि पोटॅशियम कमी करतं.

व्हिटॅमिन डीची ‘साठ हजारची’ कॅप्सूल आठवड्याला एक, ठरावीक आठवडे, अशी असते. ती कुणी रोज घेतं, कुणी वर्षभर घेतं. मग रक्तात कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, किडनीवर परिणाम होतो.

लाल यीस्टच्या तांदळात जे द्रव्य काम करतं ते लोव्हास्टॅटिनच आहे, तंतोतंत तेच. म्हणजे स्टॅटिन नको म्हणून जो हे घेतो तो स्टॅटिनच घेतो, फक्त डोस किती ते कुणाला ठाऊक नसतं. २०२४ मध्ये जपानमध्ये असल्याच एका उत्पादनात बुरशीचा दोष निघाला आणि अनेकांच्या किडनीला इजा झाली.

बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा

घरी गेल्यावर एक काम करा. चष्मा लावून पूरक आहाराच्या बाटलीचं लेबल वाचा. या वस्तू औषध म्हणून नाही, अन्न म्हणून विकल्या जातात. त्यांच्यावर एफएसएसएआयचे नियम लागू आहेत. त्यानुसार लेबलवर ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’, म्हणजे औषध म्हणून वापरण्यासाठी नाही, असं छापावंच लागतं. विकणारा तोंडानं काहीही सांगो, बाटली खरं बोलते. शिवाय १९५४ पासून आपल्याकडे कायदा आहे, औषधं आणि जादूटोण्याच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबद्दलचा. त्याच्या यादीत हृदयविकार आहे, रक्तदाबही आहे. हे आजार बरे करतो अशी जाहिरात करणं हा गुन्हा आहे.

मग लोक गोळ्या सोडतात का?

याची खरी कारणं आहेत, आणि ती आम्ही डॉक्टरांनी ऐकली पाहिजेत.

एक कारण, त्रास. ‘स्टॅटिन घेतल्यापासून पाय दुखतात.’ क्वचित खरंच स्नायूंना इजा होते, तेव्हा तपासणी करून गोळी बदलावी किंवा थांबवावी लागते. पण लंडनमध्ये २०२० साली एक सुंदर अभ्यास झाला. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभरासाठी १२ बाटल्या दिल्या : चारमध्ये स्टॅटिन, चारमध्ये खोटी गोळी, चार रिकाम्या. रोज किती त्रास होतो ते लिहायचं. गोळीच नसलेल्या महिन्यांत त्रासाचा आकडा ८, स्टॅटिनच्या महिन्यांत १६. पण खोट्या गोळीच्या महिन्यांत? १५ च्या वर! म्हणजे त्रास खरा होता, दुखत खरंच होतं, पण त्याचा बहुतेक भाग गोळी घेण्याच्या भीतीतून येत होता. स्वतःचे आकडे बघितल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केलं.

दुसरं कारण, पैसा. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, ॲटोरव्हास्टॅटिन, मेटोप्रोलॉल ही सगळी औषधं राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत आणि जन औषधी केंद्रात मिळतात. परवडत नसेल तर संकोच न करता सांगा. कित्येकदा माणूस स्वस्त गोळी सोडून महागडी बाटली घेत असतो.

तिसरं कारण, आम्ही नीट सांगत नाही. कोणती गोळी कशासाठी, किती दिवस, हे चिठ्ठीवर नसतं.

आणि आपल्या देशाचा प्रश्न गोळ्या जास्त होण्याचा नाहीच. २०११ साली १७ देशांमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयविकार झालेल्यांपैकी स्टॅटिन घेणारे श्रीमंत देशांत ६६ टक्क्यांच्या वर होते. भारत ज्या गटात होता, त्या गरीब देशांत ३.३ टक्के. त्यात आपल्याकडे आजार लवकर येतो. नागपूरच्या डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं की दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांत जवळजवळ ५९ व्या. कारणं तीच, तंबाखू, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर, हालचाल नसणं, फळं-भाज्या कमी; फक्त ती आपल्याला लवकर गाठतात. ‘नैसर्गिक उपाय’ हवा असेल तर तंबाखू सोडणं, मिश्री लावणं थांबवणं, रोज चालणं, जेवणात मीठ कमी करणं, यापेक्षा मोठा उपाय माझ्याकडे नाही. तोही गोळीच्या सोबत.

काही प्रश्न

श्रोता : दुधी भोपळ्याचा रस हृदयाला चांगला म्हणतात. मी रोज सकाळी घेतो.

उत्तर : काका, भाजी करून खाल्लीत तर उत्तम. रसाने ब्लॉकेज उघडतं याला पुरावा नाही. आणि एक धोका आहे. कधी कधी दुधी कडू निघतो, त्यात विषारी द्रव्य असतं. त्यामुळे आपल्या देशात मृत्यू झालेत आणि आयसीएमआरने समिती नेमून सूचना दिल्यात : आधी फोड चाखून बघा, कडू लागली तर रस करू नका. आणि कडू रस ‘औषध कडूच असतं’ म्हणून गिळू नका. प्यायल्यावर उलट्या-जुलाब झाले तर लगेच दवाखान्यात जा.

श्रोती : माझं कोलेस्टेरॉल आता नॉर्मल आलंय. मग गोळी बंद करू का?

उत्तर : ताई, ते नॉर्मल गोळीमुळे आलंय. छत्री उघडल्यावर अंग कोरडं राहतं, म्हणून भर पावसात छत्री मिटतो का आपण? डोस कमी करता येईल का, हे मात्र डॉक्टरांना विचारा. तो तुमचा हक्क आहे.

श्रोता : माझ्या गोळ्या आधीच बंद आहेत, दोन महिने झाले. आता काय करू?

उत्तर : सांगितलंत ते फार बरं केलंत. आपल्या मनाने जुन्या गोळ्या एकदम सुरू करू नका. उद्याच, जमल्यास आजच, तुमच्या डॉक्टरांकडे पिशवी घेऊन जा आणि तारखेसकट सांगा की अमुक दिवसापासून बंद आहे. आणि मधे छातीत दाब वाटला, घाम फुटला, हात किंवा जबडा दुखला, तर काढा करत बसू नका. १०८ ला फोन करा.

जाता जाता सगळ्यांना एक काम. आज रात्री पिशवी टेबलावर रिकामी करा. एका कागदावर सगळी नावं लिहा, चूर्ण आणि काढ्यांसकट. प्रत्येकासमोर लिहा : कुणी सांगितलं, कशासाठी, कधीपासून. ज्याच्यासमोर काहीच लिहिता येत नाही, त्याच्यावर खूण करा. पुढच्या तपासणीला तो कागद डॉक्टरांच्या पुढे ठेवा. डॉक्टर घाईत असले तरी कागद वाचावाच लागतो.

आणि ज्या दोन पिशव्यांत पाकिटं उघडलेली नव्हती, त्यांनी जाण्याआधी मला भेटा. मी रागावणार नाही. त्या वेळी सरांना जे विचारायचं राहून गेलं, ते तुम्हाला विचारायचं आहे.